मार्कच्या सात वचनांसोबत साडेतीन वर्षे

बायबलच्या नव्या कराराच्या अभ्यासाची दूरशिक्षण पदविका गेल्या महिन्यात पूर्ण झाली. ग्रीक भाषा, शुभवर्तमानांचा (म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांचा) पेपर आणि शेवटी बारा हजार शब्दांची प्रबंधिका असा तिचा आवाका होता. अर्ज भरताना मला कुणी काहीच सांगणारे नव्हते. ज्यांना विचारले ते एकतर पाळक होते किंवा पूर्णवेळ सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकलेले. नोकरी सांभाळून, घरातल्या टेबलावर बसून हे कसे करायचे, कुठे अडायला होते, हे एखाद्याने लिहून ठेवले असते तर माझे निदान सहा महिने वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात सप्टेंबर 2021 मध्ये झाली. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात त्या आठवड्याचा उतारा माझ्याकडे होता: मार्क 7, वचने 24 ते 30. सोर प्रांतातली परकी बाई, तिची भूत लागलेली मुलगी, मुलांची (म्हणजे यहूद्यांची) भाकर घेऊन कुत्र्यांना (म्हणजे यहूदी नसलेल्या परराष्ट्रीयांना) टाकणे बरे नाही हे येशूचे कठोर वाक्य, आणि मेजाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातात हे तिचे उत्तर, ज्यानंतर मुलगी बरी होते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, त्यामुळे मी फारशी तयारी केली नव्हती. मी सांगत गेले: ती ओरडत मागे लागली, येशू आधी गप्पच राहिला, शिष्य म्हणाले हिला पाठवून द्या, आणि शेवटी येशू म्हणाला, बाई, तुझा विश्वास मोठा आहे. गटातल्या एक वयस्कर मावशी उताऱ्यावर बोट ठेवून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हे वाक्य माझ्या मार्कात नाही."

मला वाटले भाषांतर वेगळे असेल. तिथल्या तिथे तीन भाषांतरे उघडली. एकातही नव्हते. ओरडणे नव्हते, येशूचे गप्प राहणे नव्हते, शिष्यांचे बोलणे नव्हते. ते सगळे मत्तयच्या 15व्या अध्यायातले. मी वर्षानुवर्षे दोन शुभवर्तमाने एकात कालवून एक तिसरीच गोष्ट सांगत होते आणि तिला मार्कचे नाव देत होते. मावशी काही दोष काढत नव्हत्या, त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते.

जानेवारी 2022 मध्ये अर्ज केला. लागणारे कागद: पदवीचे गुणपत्रक, ओळखपत्र, मंडळीच्या पाळकांचे शिफारसपत्र आणि 'मला हा अभ्यास का करायचा आहे' यावर पाचशे शब्द. शिफारसपत्र ठरावीक नमुन्यातच हवे होते आणि ते पाळकांनी थेट पाठवायचे होते. आमच्या पाळकांनी ते पत्र लिहून माझ्या हाती दिले, मी ते स्कॅन करून जोडले, आणि अर्ज तीन आठवड्यांनी 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला. नियमांच्या पत्रकात ही ओळ सातव्या पानावर होती. पत्रक आधी पूर्ण वाचा, आणि जे कागद दुसऱ्याने पाठवायचे आहेत त्यांची वेगळी यादी करून त्यांच्या मागे लागा. आपले कागद वेळेत होतात, अडतात ते दुसऱ्यांचे.

पुढे सात आठवडे काहीच कळले नाही. मग वीस मिनिटांची ऑनलाइन मुलाखत झाली. एक प्रश्न अजून आठवतो: "वाचताना विश्वासाला धक्का लागेल असे काही समोर आले तर काय कराल?" मी म्हणाले, वाचत राहीन. त्या वेळी ते उत्तर मला सोपे वाटले होते. एप्रिलमध्ये प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. शुल्क चार हप्त्यांत भरायची सोय होती, ती मी घेतली. खरा खर्च शुल्कापेक्षा पुस्तकांचा झाला. ग्रीक शब्दकोश आणि ग्रीक नवा करार ही दोन पुस्तके स्वतःची हवीतच, कारण त्यांत पेन्सिलने लिहावे लागते. भाष्यग्रंथ मात्र विकत घेण्याची घाई करू नका. मी सुरुवातीला उत्साहाने दोन मागवले. त्यातला एक शेवटपर्यंत उपयोगी पडला, दुसरा नुसता पडून राहिला. संस्थेच्या ग्रंथालयातून प्रकरणांच्या स्कॅन प्रती मिळत होत्या, पण विनंती केल्यावर दहा-बारा दिवस लागत. हे गणित धरूनच कामाचे वेळापत्रक करावे लागते.

ग्रीक जून 2022 मध्ये सुरू झाले. नवा करार ज्या ग्रीकमध्ये आहे तिला कोइने म्हणतात, म्हणजे त्या काळची सर्वसामान्य, व्यवहारातली ग्रीक. अक्षरे चोवीसच, पण काही दिसायला इंग्रजीसारखी आणि उच्चाराने निराळी. 'व्ही'सारखे दिसते ते 'न', 'पी'सारखे दिसते ते 'र'. पंधरा दिवसांत अक्षरे बसली. 'नाय' म्हणजे 'होय' ही गोष्ट डोक्यात उतरायला मराठी माणसाला जरा जास्त वेळ लागतो. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

मी रोज रात्री तक्ते पाठ करायचे. नामाच्या विभक्ती, क्रियापदांचे काळ, सगळे वहीत ओळीने. संस्कृतची थोडी सवय असल्याने विभक्तींची भीती नव्हती. फेब्रुवारी 2023 मध्ये परीक्षा झाली. उत्तीर्ण व्हायला 50 गुण लागत होते, मला 46 मिळाले. तक्त्यांचे प्रश्न जवळपास सगळे बरोबर होते. न पाहिलेला उतारा भाषांतराला दिला होता, तिथे मी अडले. शब्द ओळखू येत होते, वाक्य उलगडत नव्हते.

तो निकाल घरात कुणाला दोन दिवस सांगितला नाही. वयाच्या चाळिशीनंतर नापास होण्याची सवय राहिलेली नसते. पुनर्परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागले आणि पुढचा पेपर सहा महिने लांबला. पण याच काळात शिक्षकांनी जो सल्ला दिला तो मी सगळ्यांना देते: तक्ते बाजूला ठेवा आणि मार्क मोठ्याने वाचा. रोज पाच वचने, अर्थ लागो न लागो. मार्कची ग्रीक साधी आहे. एकामागून एक 'आणि, आणि' असे जोडत तो धावत असतो. 'लगेच' या अर्थाचा त्याचा आवडता शब्द चाळीसेक वेळा येतो. तीन महिन्यांत कानाला वाक्याची चाल कळू लागली, आणि चाल कळली की अर्थ निम्मा हाती येतो. जूनमध्ये पुन्हा बसले, 71 मिळाले.

जुलै 2023 पासून शुभवर्तमानांचा पेपर. इथे पहिल्यांदा सिनॉप्सिस हातात आला, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान शेजारी-शेजारी रकान्यांत छापलेले पुस्तक. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात इतके साम्य का आणि फरक नेमके कुठे, हा प्रश्न अभ्यासकांना फार आधीपासून आहे. बहुतेकांचे मत असे की मार्क सर्वांत आधी लिहिले गेले, साधारण इसवी सन 70च्या आसपास, आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून लिहिले. मार्कमधला सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात आहेच. वेगळे मत असणारेही आहेत आणि परीक्षेत दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

गृहपाठ म्हणून सिनॉप्सिसची पाने रंगवायची होती. दोघांत तंतोतंत सारखे शब्द निळ्याने, एकाच धातूची वेगळी रूपे हिरव्याने, फक्त एकाचेच शब्द लालने. मी अर्थातच सोरच्या बाईची गोष्ट घेतली. तासाभराने पान समोर धरले तर मत्तयचा रकाना लालभडक. मार्कमध्ये ती ग्रीक आहे, जन्माने सुरफुनीकी, म्हणजे सीरियाकडच्या फिनिशियातली. मत्तयमध्ये ती कनानी आहे, म्हणजे जुन्या करारातल्या इस्राएलच्या जुन्या वैऱ्यांचे नाव तिला मिळते. मार्कमध्ये येशू एका घरात आहे, कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे, आणि ती आत येऊन पाया पडते. मत्तयमध्ये ते सगळे बाहेर, ओरडत, शिष्यांच्या देखत घडते. इस्राएलच्या घराण्यातल्या हरवलेल्या मेंढरांकडेच मला पाठवले आहे, हे वाक्य फक्त मत्तयचे. 'प्रथम मुलांना पोटभर खाऊ दे' यातला 'प्रथम' फक्त मार्कचा. आणि शेवट: मत्तयमध्ये येशू तिच्या विश्वासाची थोरवी सांगतो. मार्कमध्ये तो म्हणतो, 'या तुझ्या बोलण्यामुळे जा'. मार्क विश्वास हा शब्द इथे वापरतच नाही. लूकमध्ये तर ही गोष्टच नाही. मार्कचा 6:45 ते 8:26 हा सलग भाग लूकने घेतलेला नाही, त्यात ही गेली.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रंगवलेल्या पानावर मिळाले, पण त्याने बरे वाटले नाही. मत्तयचे ऐसपैस वर्णन बाजूला केल्यावर मार्कमध्ये जे उरते ते जास्त बोचते. आजारी मुलीची आई पायाशी आहे आणि येशू कुत्र्यांचे उदाहरण देतो आहे. लहानपणी मला शिकवले होते की तो तिची परीक्षा घेत होता. मी मूळ शोधायला गेले. मार्क तसे म्हणत नाही, मत्तयही म्हणत नाही. शुभवर्तमानकाराला परीक्षा घेतली असे म्हणायचे असते तेव्हा तो तसे लिहितो. योहान 6:6 मध्ये फिलिप्पाला भाकरींबद्दल विचारताना, हे तो त्याची परीक्षा पाहण्यासाठी बोलला, असे स्पष्ट आहे. इथे तसे काही नाही. मुलाखतीतला प्रश्न आठवला. ऑक्टोबर 2023 मध्ये जवळपास महिनाभर मी पुस्तक उघडले नाही. रविवारी उपासनेला जात होते, गात होते, पण हा उतारा मनात आला की प्रार्थना थांबायची.

या टप्प्यावर कुणी असेल तर मला एवढेच सांगायचे आहे की हे एकट्याने काढू नका. मी शेवटी शिक्षकांना ईमेल केला, अभ्यासाचा नव्हे, असाच. त्यांनी उत्तरात उपदेश केला नाही. वाचायला दोन गोष्टी दिल्या. एक, 451 साली काल्सेदोन इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने केलेली व्याख्या: ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य, दोन्ही स्वभाव मिसळून न जाता आणि वेगळे न पडता. दुसरी, लूक 2:52 मधले साधे वाक्य की येशू ज्ञानाने वाढत गेला. खाली एक ओळ होती: 'खरा मनुष्य या शब्दांत एखाद्या बाईचे म्हणणे ऐकून घेणे बसते का, याचा विचार करा.' मी तो विचार दोन वर्षे करते आहे. काही अभ्यासक म्हणतात की येशूने तिच्या उत्तराने आपले मन बदलले. काही म्हणतात की त्याला पहिल्यापासून द्यायचेच होते. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर याने मत्तयच्या गोष्टीवर प्रवचन करताना म्हटले की देवाच्या 'नाही'च्या खाली 'होय' दडलेले असते आणि त्या बाईने ते ओळखले. मला ते प्रवचन भिडते. तरीही मार्क वाचताना मला वाटते की 'या तुझ्या बोलण्यामुळे' हे कारण मार्कने दिले आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

मार्च 2024 मध्ये प्रबंधिकेच्या विषयाचा फॉर्म भरायचा होता. मी विषय लिहिला: 'चारही शुभवर्तमानांतील स्त्रिया.' पाच आठवड्यांनी नामंजूर होऊन आला, शेरा एका ओळीचा: 'व्याप्ती कमी करा.' दुसऱ्यांदा 'मार्कमधील परराष्ट्रीय' असे लिहिले. तेही परत. तिसऱ्यांदा फक्त सात वचने लिहिली आणि आठवड्याभरात मंजूर. या दोन फेऱ्यांत अडीच महिने गेले. बारा हजार शब्द खूप वाटतात, पण सात वचनांनाही ते अपुरे पडले. फॉर्ममध्ये विषयाबरोबर 'नेमका प्रश्न' असा रकाना असेल तर तो आधी भरा, विषय आपोआप आवरतो. मंजुरीचा ईमेल जपून ठेवा. शेवटच्या सादरीकरणात त्याची प्रत मागितली गेली.

लिहिण्याचे काम असे झाले की आधी दोन महिने एकही भाष्य उघडायचे नाही, असे मार्गदर्शकांनी सांगितले. फक्त ग्रीक मजकूर, शब्दकोश आणि माझे स्वतःचे मराठी भाषांतर. हा नियम तेव्हा जाचक वाटला, पण सगळ्यांत मोलाचा तोच ठरला, कारण त्याच दोन महिन्यांत मला ती 'मुले' दिसली.

झाले असे. येशूच्या वाक्यात मुलांसाठी शब्द आहे 'तेक्ना'. बाईच्या उत्तरात मुलांसाठी शब्द आहे 'पाइदिया'. मी दोन्हीकडे 'मुले' लिहून पुढे गेले होते. तिसऱ्या फेरीत पेन्सिल तिथे थांबली. तेक्ना म्हणजे पोटची, वंशातली. पाइदिया म्हणजे लहान पोरे, मग कुणाचीही असोत. मराठीत हे दाखवता येते म्हणून मी भाषांतर बदलले: येशू 'लेकरांची भाकर' म्हणतो, ती 'पोरांच्या हातून पडलेला चुरा' म्हणते. मग 30व्या वचनात ती घरी जाते तेव्हा तिला कोण सापडते? 'पाइदिओन'. निवेदक तिच्या मुलीसाठी तिच्याच तोंडचा शब्द वापरतो, एकवचनात. त्या रात्री साडेबारा वाजले होते. मी उठून खिडकीपाशी गेले आणि परत येऊन तिन्ही वचने पुन्हा वाचली. ज्या घरात कुणाचे काय हा वाद चालला होता, त्या घरातली पोरे आणि तिची पोर एका शब्दाखाली आली होती. शब्द बदलण्यामागे मार्कचा हेतू होता की नाही हे सिद्ध करता येत नाही, आणि प्रबंधिकेत मी तसेच लिहिले. पण ते तिथे आहे.

मग आजूबाजूचे दिसू लागले. 'पोटभर खाणे' या अर्थाचे जे क्रियापद येशू इथे वापरतो, तेच 6:42 मध्ये पाच हजारांच्या जेवणानंतर आले आहे आणि 8:8 मध्ये चार हजारांच्या. दोन्ही वेळा टोपल्या भरून उरले. म्हणजे ही बाई चुरा मागते ती दोन मोठ्या जेवणांच्या मधोमध. आणि गोष्टीच्या लगेच आधी, सातव्याच अध्यायात, शुद्ध काय आणि अशुद्ध काय यावरचा मोठा वाद आहे. जर्मन अभ्यासक गेर्ड थाइसन यांनी आणखी एक बाजू दाखवली: सोर हे श्रीमंत बंदर, आणि त्याचे पोट भरत होते शेजारच्या गालीलच्या, म्हणजे येशूच्या प्रांताच्या, शेतांवर. नव्या करारातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात 12:20 मध्ये सोर व सीदोनच्या लोकांचे अन्न राजाच्या मुलखातून येत असल्याचा उल्लेख आहेच. म्हणजे मुलांची भाकर दुसऱ्यांकडे जाते, हे गालीलच्या शेतकऱ्याला रोज दिसणारे दृश्य असू शकते. त्याने वाक्याची धार जात नाही, पण ती कुठून आली हे थोडे कळते. मी ही मांडणी एका परिच्छेदात घेतली, त्याहून जास्त भार तिच्यावर टाकला नाही.

आता तो 'नाय'. 28व्या वचनात काही हस्तलिखितांत बाई म्हणते 'होय, प्रभू', काहींत नुसते 'प्रभू'. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या दोन्ही थोर हस्तलिखितांत 'होय' आहे. तिसऱ्या शतकातल्या पी-45 या पपायरसवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या) हस्तलिखितात नाही. नेस्ले-आलान्ड या, अभ्यासक वापरतात त्या ग्रीक नव्या कराराच्या 28व्या आवृत्तीने ते मजकुरात घेतलेले नाही. त्यामागचे तर्क मला समजायला आठवडा गेला: 'होय'साठी हा शब्द मार्क दुसरीकडे कुठेच वापरत नाही, मत्तय अनेकदा वापरतो, आणि मत्तयच्या याच गोष्टीत 'होय, प्रभू' आहे. म्हणजे नकलकाराच्या कानात मत्तय घुमत होता आणि हात मार्क लिहीत होता, असे होणे सहज शक्य आहे. सिनाइटिकसची पाने 2009 पासून इंटरनेटवर सर्वांना पाहता येतात. मी ते पान उघडून बसले. चार रकाने, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली सलग अक्षरे. मी बायबल अभ्यासात जे केले होते तेच सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी, फार प्रेमाने आणि नीट अक्षरात, केले असावे असे मला वाटले, आणि त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

पहिला मसुदा सप्टेंबर 2024 मध्ये दिला. परत आला तेव्हा अर्ध्या पानांवर ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन. मी जुना फॉन्ट वापरला होता, तो समोरच्या संगणकावर नव्हता. ग्रीक पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच्या यंत्रावर फाइल उघडून पाहा. सगळी उद्धृते पुन्हा टाइप करण्यात तीन आठवडे गेले. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी करायचा असतो, तो मी वेळेत केला म्हणून दंड वाचला. अंतिम प्रत 30 नोव्हेंबरला दिली. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल, मार्गदर्शकांचे सहीचे पत्र आणि विषयमंजुरीचा ईमेल सोबत जोडला.

मौखिक परीक्षा फेब्रुवारी 2025 मध्ये झाली. दोन परीक्षक, पन्नास मिनिटे. पहिलेच वाक्य: "पुस्तक मिटा आणि मार्कमधली गोष्ट सांगा. फक्त मार्कमधली." मी सांगितली. घरात शिरण्यापासून सुरुवात केली, लपून राहता आले नाही इथे थांबले, पुढे गेले. बाईच्या उत्तराशी आले आणि माझ्या तोंडून निघाले, "होय, प्रभू." परीक्षक बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त वर पाहिले. मी म्हणाले, "प्रभू. होय नाही." त्या म्हणाल्या, "तुमचे तिसरे प्रकरण यावरच आहे ना?" मी हो म्हणाले. तिथून पुढे बोलणे सोपे झाले. पाठभेद, थाइसन, काल्सेदोन, सगळ्यांवर विचारले. जे माहीत नव्हते ते माहीत नाही म्हणाले, त्याने गुण गेले असतील तरी वातावरण बिघडले नाही. उत्तर देण्याआधी वचन उघडून वाचायची परवानगी मागा, ती मिळते.

निकाल त्याच संध्याकाळी कळला: किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य, दुरुस्त्यांना तीस दिवस. यादीत अकरा गोष्टी होत्या. आठ टंकलेखनाच्या, दोन तळटिपांच्या. त्या मी एका रविवारी दुपारी संपवल्या. अकरावी माझ्या भाषांतरातल्या 30व्या वचनाबद्दल होती. मी लिहिले होते: 'ती घरी गेली तेव्हा मुलगी अंथरुणावर शांत झोपलेली आढळली.' समोर परीक्षकांची टीप: 'शांत कुठे आहे? झोपलेली कुठे आहे? क्रियापद पाहा, मग 27वे वचन पाहा.'

पाहिले. 30व्या वचनातले रूप 'बालो' या धातूचे आहे: टाकणे. आजारी माणूस अंथरुणाला पडून असतो त्यासाठी ग्रीकमध्ये ते सर्रास वापरतात, मत्तय 9:2 मधला पक्षाघाती असाच खाटेवर टाकलेला आहे, म्हणून शब्दकोशात पाहूनही मी त्यावर थांबले नव्हते. 27व्या वचनात भाकर कुत्र्यांना 'टाकणे' आहे. तोच धातू. तीन वचनांच्या अंतरावर.

मी 'शांत झोपलेली' खोडले आणि लिहिले, 'ती घरी गेली तेव्हा पोर अंथरुणावर टाकलेली आढळली, आणि भूत निघून गेले होते.' दुरुस्तीच्या तक्त्यात पान क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर असे तीन रकाने भरले आणि फाइल पाठवली. प्रमाणपत्र मे महिन्यात आले. येत्या आठवड्यात मावशींकडे जाणार आहे. त्यांनी मार्क 7 पुन्हा वाचू म्हणून सांगितले आहे, आणि या वेळी गोष्ट त्या सांगणार आहेत.